कोरडे ठिपके

लेपेकाने ती रोपं उपटली ती रागाने नव्हे, घाबरून. आणि तेही रविवारी, ज्या दिवशी गावात कुणी शेताच्या कामाला हात लावत नाही.

चर्चमधून ती घरी आली, डोक्यावरची पांढरी टोपी काढून खांबाला अडकवली आणि सवयीने मागच्या चढावर अळू बघायला गेली. शनिवारभर पाऊस झोडपत होता. पानं धुऊन लख्ख झाली होती आणि त्यातल्या काहींवर तपकिरी ठिपके उठले होते. एखाददुसरा नव्हे. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं पान नुसतं भरून गेलं होतं. आजूबाजूच्या रोपांवरही एखादा मोठा, ओलसर डाग होता, पण तिचं तिकडे लक्षच गेलं नाही. ती त्या ठिपकेवाल्यांवर तुटून पडली. पांढऱ्या झग्याचा घोळ कमरेला खोचला, एकेक रोप धरून हिसडलं आणि सगळी घळीत नेऊन फेकली, जिथे घरचा केरकचरा जातो तिथे. मग हात धुतले, झगा झटकला आणि जेवायला वाढायला गेली.

करपा काय करतो ते तिने पाहिलेलं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तोवर साऱ्या सामोआत अळूचा गड्डा म्हणजेच जेवण. बाकी सगळं तोंडी लावायला. तिचा धाकटा भाऊ इयाकोपो घराण्याचा मताई, म्हणजे घरातला सर्वांत मोठा मान त्याचा. त्याचा अळूचा मळा टेकडीच्या माथ्यापर्यंत चढत गेलेला. आणि मग एका ओल्या आठवड्यात पानांवर गोल डाग पडले, डागांच्या कडेला मधासारखे थेंब साचले, पांढरी भुकटी धरली, आणि हत्तीच्या कानाएवढी पानं देठावरून मान टाकून लोंबायला लागली. बहीणभावाने डागाळलेली पानं कापली, टोपल्या भरभरून समुद्रात नेऊन टाकली. उपयोग शून्य. महिना उलटायच्या आत टेकडी काळी झाली. तेव्हापासून घरात हिरवी केळी, नीरफणस आणि दुकानातला तांदूळ. पाहुण्यापुढे भात आणि डब्यातली मासळी ठेवताना इयाकोपो मान वर करत नसे.

अशा घरात सहा महिन्यांपूर्वी मकेरिता आली होती. शेतीखात्यातली पोरगी, पलीकडच्या बेटावरच्या राजधानीत, आपियात वाढलेली, पायात रबरी बूट, मागे मोटारीत काळ्या पिशव्यांतली रोपं.

"ही गड्ड्याच्या फुटव्यांची नाहीत," ती म्हणाली होती. "बियांपासून केलीत. लांबलांबच्या बेटांवरचं अळू आणून आपल्या अळूशी त्याचं लग्न लावलंय. प्रत्येक रोप वेगळं निघणार."

"अळूला बी?" इयाकोपो हसला. "उद्या म्हणशील, डुकरीण अंडं घालते."

"करपा येऊ दे म्हणायचं," मकेरिताने बजावलं. "काही उपटायचं नाही, पान तोडायचं नाही, औषध मारायचं नाही. कोण तगतंय ते बघायचं."

"म्हणजे लेकरं समुद्रात ढकलायची आणि कोण पोहतंय ते काठावरून बघायचं."

"हो, तसंच काहीसं," ती म्हणाली. त्यावर काय बोलावं ते इयाकोपोला सुचलं नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याने रोपं ठेवून घेतली.

सोमवारी सकाळी त्याला वाफ्यातले खड्डे दिसले. तो काठीवर हात टेकून नुसता उभा राहिला.

"कुणी केलं हे?"

लेपेका नारळ खरवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "रोगट होती."

"कधी उपटलीस?"

तिने दुसरी करवंटी उचलली.

"लेपेका, काल रविवार होता."

"मला ठाऊक आहे काल काय होतं ते."

इयाकोपोने डोकं धरलं. गावाच्या बैठकीत रविवारी काम करणाऱ्याला दंड सुनावायचा तो त्यानेच. आणि इथे खुद्द त्याची बहीण! बहिणीची मान खाली जाईल असं काही भावाने होऊ द्यायचं नसतं, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. जरा वेळाने तो म्हणाला, "डुकरं शिरली होती. कुणी विचारलं तर डुकरं."

"कुणाची?"

"शेजारच्या साल्वेआची. त्याचीच मोकाट असतात. नाहीतरी त्याच्यावर कुणी काही म्हटलं की लोकांना पटतं."

मकेरिता बुधवारी आली. बूट चिखलात रुतवत वाफ्यात गेली आणि तिथेच खाली बसली. इयाकोपोने डुकरांची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली, साल्वेआची तुटक्या कानाची डुकरीणसुद्धा त्यात आणली. मकेरिताने ऐकून घेतलं, मग खड्ड्यांवरून बोट फिरवत म्हणाली,

"नवल आहे. ही तगतील असं वाटून मागच्या वेळी मी ज्या रोपांपाशी काडी रोवून गेले होते, नेमकी तीच गेली. बाकीच्यांना धक्का नाही. डुकराला त्यांचा वास वेगळा येतो की काय? गड्डा खाल्लाय का तिने? गड्ड्यात काही निराळं असेल तर ते वरच्या साहेबांना कळवायला हवं."

"असेल, असेल," इयाकोपो म्हणाला.

"साल्वेआकडे जाऊन ती डुकरीण बघते. खाज आली असेल तर तोंड सुजलेलं दिसेल."

इयाकोपो खोकला. पण लेपेकाला गोंधळात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही पोरगी रोगट रोपं गेली म्हणून हळहळतेय, आणि निरोगी उरली त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही?

"पण बाई, गेली ती करप्याची होती," ती न राहवून बोलली. "पानं ठिपक्यांनी भरली होती. मी पाहिली ना. गेली ते बरंच झालं."

मकेरिताने झटकन मान वर केली. "कसले ठिपके? लहान? कोरडे? वाढत होते की होते तेवढेच राहिले होते?"

"वाढायला वेळच कुठे..." लेपेका अडखळली. "लहान. मिरीएवढे."

"अरे देवा," मकेरिता म्हणाली आणि चिखलाच्या हातांनीच तिने तोंड झाकलं. "मावशी, तीच. त्यांच्यासाठीच तर मी एवढी वर्षं..."

मग तिने सांगितलं. शेजारच्या रोपावरचं मोठा ओला डाग पडलेलं पान तिने उलटं करून धरलं. हा करपा. हा जिवंत पान खातो. पान म्हणजे बारीक बारीक पेशींची रचलेली भिंत. एकीत शिरायचं, ती खायची, की शेजारणीत. अशी वाट काढत तो पान खाऊन टाकतो. पण काही अळू अशी असतात, की करपा पेशीला शिवला रे शिवला, की तिला कळतं. मग ती वाट बघत नाही. स्वतःलाच मोडून टाकते. तिच्या भोवतालच्याही दोन-चार मोडतात. करप्याच्या वाट्याला येतं काय, तर कोरडं मढं. जिवंत काही हाताला लागत नाही आणि तो तिथेच उपाशी मरतो. वरून बघणाऱ्याला एवढासा तपकिरी ठिपका दिसतो, पुढे तो वाळून गळतो आणि पानाला भोक राहतं. बाकी पान तसंच हिरवं.

लेपेका ऐकत होती. शब्द सगळे ओळखीचे होते. पण एकाला एक जोडून जे झालं होतं ते तिच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं.

"म्हणजे जी मरत होती ती धडधाकट," ती म्हणाली, "आणि ज्यांच्यावर एखादाच डाग, ती रोगी."

"हो."

"त्या वर्षी टेकडीवर सगळं मेलं, तेव्हा?"

"तेव्हा पेशींना करप्याने मारलं. इथे त्या आपणहून मरतात."

"मेलेलं पान मेलेलंच दिसतं, बाई. त्यावर काय लिहिलेलं असतं, कुणी मारलं म्हणून?"

मकेरिता हसली. "पहिले काही दिवस मलाही ओळखता येत नाही," तिने कबूल केलं. "थांबावं लागतं."

"आणि त्या पेशीला सांगतं कोण, की आता तू मर?"

"कुणीच नाही. ते तिच्या आतच असतं. जन्मापासून. सगळ्यांच्याच आत असतं, मावशी, तुमच्या-माझ्यासुद्धा. लेकरू आईच्या पोटात असतं ना, तेव्हा त्याचा हात आधी वल्ह्यासारखा असतो, सलग. मग बोटांच्या मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात."

लेपेकाने आपला पंजा डोळ्यांसमोर धरला. बोटं फाकवली, मिटली.

"आणि नाही मेल्या तर?"

"नाही मेल्या तर बोटं जुळलेली राहतात. मोठेपणी कुठली पेशी मरायची थांबली, तर मग गाठ होते. वाढतच जाते."

हे तिने सहज सांगितलं. तिला काय माहीत, की लेपेकाचा नवरा फातू पोटातल्या गाठीनेच गेला होता. आपियाच्या दवाखान्यात लेपेका त्याच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि देवाला एकच मागायची, याला मरू देऊ नकोस. आता ही पोरगी म्हणते, त्याच्या आत काहीतरी मरायलाच तयार नव्हतं, म्हणून तो मेला. मग आपण मागत होतो ते कुणासाठी? देवाने भलत्याचंच ऐकलं की काय? विचार पुरा व्हायच्या आतच निसटला. तिने बोटं झग्याच्या घोळात लपवली आणि एकदम बोलून गेली,

"डुकरीण नव्हती. मी उपटली."

इयाकोपोचा चेहरा रताळ्यासारखा जांभळा झाला. शेतीखात्यातल्या पोरीसमोर मताई खोटा पडला होता, आणि पाडला तो सख्ख्या बहिणीने, जिच्यासाठी तो खोटं बोलला होता. "शाबास," तो एवढंच म्हणाला, काठी उचलली आणि उताराला लागला.

मकेरिताला यातलं काही कळलं नाही. तिला रविवारचं ठाऊक नव्हतं आणि विचारायचं भानही नव्हतं. "टाकलीत कुठे?" तिने विचारलं.

दोघी घळीत उतरल्या. केळीच्या साली, नारळाच्या करवंट्या, भाजलेल्या नीरफणसाची काळी टरफलं, त्यात अळूची रोपं तोंड खुपसून पडलेली. अळू चिवट, देठ मरगळले तरी गड्डा घट्ट होता. पण पानं सगळी चिंधड्या होऊन गेलेली. शिवाय लेपेकाने गेल्या पंधरवड्यात कचरा म्हणून टाकलेली, टेकडीवर आपोआप उगवलेली जुन्या अळूची रोपंही तिथेच होती, खरोखर करप्याने गेलेली. कोणती ठिपकेवाली, कोणती डागवाली, काही पत्ता लागेना. मकेरिता एकेक गड्डा हातात घेऊन उलटसुलट करून बघत होती, चेहऱ्यावर रडू आणि हसू एकत्र.

"सगळी लावू या," अखेर ती म्हणाली.

"रोगट धरून?"

"रोगट कुठलं ते कळेपर्यंत सगळीच."

म्हणजे जे घराबाहेर टाकलं तेच पुन्हा घरात आणायचं. लेपेकाने टोकदार काठीने खड्डे पाडले, मकेरिताने गड्डे बसवले. आपियाच्या संध्याकाळच्या बोटीला जाताना मकेरिता म्हणाली, "मावशी, या वेळी हात बांधून ठेवा."

इयाकोपोने त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. बोलणं टाकलं म्हणजे तिच्याशी नाही, पण तिला ऐकू जाईल असं बोलणं चालूच. वाटेवरून जाताना वाफ्याकडे तोंड करून म्हणायचा, "काही लोकांना करपा पाळायची हौस असते. कोंबड्या पाळतात तसा." साल्वेआ कुंपणापाशी येऊन विचारायचा, "अहो मताई, माझ्या डुकरिणीवर काय आळ आला होता म्हणे?" तेव्हा मात्र इयाकोपो भराभर चालायला लागायचा.

नवी पानं गुंडाळी सोडून उलगडली. पाऊस पुन्हा लागला. आणि एका सकाळी ठिपके आले. या खेपेला सगळ्यांवर.

लेपेका उकिडवी बसून बघत राहिली. मिरीएवढे, तपकिरी, मधे जरा फिके. या रोपावरचे तसेच, त्या रोपावरचेही तसेच. तिने बोटाने चाचपले. हा कोरडा वाटतो का? की दव वाळलंय म्हणून? तिचे हात शिवशिवत होते. डोळ्यांपुढे टेकडी काळी पडलेली दिसत होती आणि कानात मकेरिता, थांबावं लागतं. तिला वाटे, आपण मूर्खासारखं घर पेटताना बघत बसलोय. दुसऱ्या क्षणी वाटे, काय सांगावं, खरंच असेल. ती कातावून उठायची, केळी सोलायला बसायची, अर्ध्यात टाकून परत चढावर जायची. एकदा तर तिने चिडून त्या पानालाच विचारलं, "अगं बये, मरतेस ती कुणासाठी, एवढं तरी सांग!" वाटेवरून इयाकोपोने ते ऐकलं आणि तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलला. "लेपेका, घरात चल. ऊन लागलंय तुला."

पुढे हळूहळू पानं वेगळी दिसायला लागली. बऱ्याचशा रोपांवरचे ठिपके पसरले, एकमेकांत मिसळले, कडेला मधाचे थेंब आले. ती रोपं गेली. दोन रोपांवर ठिपके जिथल्या तिथे थिजले. वाळून कागद झाले, वाऱ्याने गळाले, आणि पानांतून पलीकडचं आभाळ दिसायला लागलं. तिसऱ्या एका रोपाने तर तिचं डोकंच फिरवलं: खालची पानं करप्याने लोंबलेली, वरच्यांवर कोरडी भोकं. मकेरिता आली तेव्हा लेपेकाने तिला तेच आधी दाखवलं.

"याचं काय? हे तुझं की करप्याचं?"

मकेरिताने पुष्कळ वेळ बघितलं. "मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "कदाचित उशिरा शहाणं झालं. कदाचित ठिपके दुसऱ्याच कशाने आलेत. मावशी, मी शिकले तेवढं सांगते. आमच्यातही यावर भांडणं आहेत."

लेपेकाला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, हेही तिला ठरवता आलं नाही. शहरातल्या शिकलेल्या लोकांनासुद्धा कळत नाही म्हटल्यावर निदान आपण एकटेच नाही. पण मग कळतं तरी कुणाला?

तिसरं रोप पुढच्या पावसात गेलं. उरलेल्या दोनांतलं एक वाऱ्याने मोडलं. राहिलेल्या एकाने मात्र फुटवे काढले, फुटव्यांनी फुटवे काढले, आणि वर्ष सरता सरता लेपेकाने पहिला गड्डा खणला. फार मोठा नव्हता. रविवारच्या जेवणासाठी तो तिने तापल्या दगडांत केळीच्या पानांखाली भाजला. कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून ती शेजारी ठेवली. भाजायचं शनिवारीच उरकलं, हे वेगळं सांगायला नको.

इयाकोपोने फोड तोंडात घातली. सगळं घर त्याच्याकडे बघत होतं.

"मऊ आहे," तो म्हणाला. "आपलं कसं, दाताला लागायचं. हे चिकट आहे."

"मग नको?"

"नको कुठे म्हटलं?" त्याने दुसरी फोड घेतली. खाता खाता त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, घशात घास अडकला. लेपेकाने पाणी दिलं आणि काही बोलली नाही. इतक्या वर्षांनी घरचं अळू पानात होतं, आणि ते घरचं नव्हतंही. खाताना फातूची आठवण येत होती, आणि हे अळू तर फातूने कधी चाखलंच नव्हतं.

मकेरिता पुढे शिकायला परदेशी, सुवाला गेली. जाताना लेपेकाने तिला विणलेला पंखा दिला, आणि तिने लेपेकाच्या गालाला गाल लावला. तिच्या जागी आलेला माणूस मोटारीतून खाली उतरत नाही. पण फुटवे गावभर गेले. साल्वेआने सगळ्यांत जास्त नेले. डुकरिणीच्या बदनामीची भरपाई म्हणून उघड मागून नेले.

परवा पलीकडच्या गावचे दोन मताई इयाकोपोकडे आले होते. जेवणं झाल्यावर पानांवरच्या भोकांचा विषय निघाला. हा रोग तर नव्हे? इयाकोपो मांडी ठोकून सरसावला. तो सांगायला लागला, की पानात असंख्य पेशी असतात, त्या करप्याला बघून आधी बैठक घेतात, मग ज्येष्ठ पेशी ठरवते कुणी मरायचं ते, आणि म्हणून आईच्या पोटात माणसाला बोटं फुटतात. लेपेका मागे खांबाला टेकून बसली होती. बैठकीचं तर मकेरिता काही बोलली नव्हती. की बोलली होती? बोटांचं बरोबर होतं, पण इथे कसं आलं? तिला दुरुस्त करायचं होतं, पण नेमकं कुठून धरायचं तेच सापडेना.

"कशावरून हो?" पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला. "पान आपणहून मरतं हे कशावरून?"

इयाकोपोने वळून बहिणीकडे पाहिलं.

"मी रोज बघते," लेपेका म्हणाली. "अजून मला ते नीट कळलेलं नाही. फुटवे हवेत का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने जरा विचार केला आणि टोपली मागितली.